नॉइज काढलेलं आभाळ

पोरगी हुतात्मा एक्स्प्रेसनं आली, भर मे महिन्यात,
पाठीवर सॅक, सॅकमध्ये हार्ड डिस्क.
चप्पल काढता काढता विचारलं,
"मेघगलबताचं आभाळ तुम्हीच रंगवायचात ना?"
म्हटलं, आभाळ कुणी एकटा रंगवत नाही बाई.
आम्ही सहा जण होतो, साखर पेठेत.
खाली अठरा माग, वर आम्ही.

तेव्हा पुण्याच्या स्टुडिओला स्वस्तात हात पाहिजे होते.
चादरीची नक्षी ग्राफवर चौकोन चौकोन भरणारा माणूस
रेषेबाहेर जात नाही,
हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं.
मोराच्या पिसाऱ्यावरून उठून आम्ही थेट ढगांवर बसलो.
पारदर्शक कागद. रंग मागून द्यायचा, बघायचं पुढून.
निळा राजमणी लावायची.
दुसऱ्या कुणाच्या हाताला तो निळा आलाच नाही.
एका सेकंदाला बारा आभाळं,
एका आभाळाचे चाळीस पैसे.

वाळत घालायला दोरी. दोरीवर चिमट्यांनी
गलबत, गलबत, गलबत,
प्रत्येक थोडं थोडं पुढं गेलेलं,
आणि जिन्यातून वर येणारा कापूस.
मागाचा कापूस पडत नाही, हिंडतो.
भुवयांत बसतो, चहात बसतो,
ओल्या निळ्यात तर हक्कानं बसतो.

पहिल्या भागानंतर आम्ही धास्तावलेलो. पैसे कापणार.
तर पत्रं आली, पोत्यानं.
आभाळातले ते पांढरे जीव कोण आहेत?
ते सारखी जागा का बदलतात?
भंडाऱ्याच्या एका मुलीनं त्यांचं बारसंही करून टाकलं: लुकलुके.
मग सातव्या भागात मेघराणीच म्हणाली,
"लुकलुके सोबत आहेत तोवर गलबत बुडायचं नाही."
आम्ही जिन्याचं दार उघडं ठेवायला लागलो.

आता ते परत येणार, ॲपवर.
जुने अठ्ठावीस भाग धुऊन पुसून, वर दहा नवे.
पोरीनं लॅपटॉप उघडला.
निळा. राजमणीचाच निळा,
पण इतका स्वच्छ की तिला स्वतःला ओळखू आला नसता.
गलबत चाललेलं.
सोबत कुणी नाही.
"सगळा नॉइज काढलाय काका," ती खुशीत,
"एकेका फ्रेममधून."

नॉइज.
मला आधी अठरा माग ऐकू आले.
मग आठवलं, ते भंगारात जाऊन नऊ वर्षं झाली,
खाली आता मोबाईलची कव्हरं विकतात.
राजमणी दम्यानं गेली.
डॉक्टरनं तिच्या छातीचा फोटो उजेडावर धरला होता,
आम्ही धरायचो तसाच, दोन बोटांत:
काळ्या आभाळात पांढरं पांढरं.
म्हणजे काढायला पाहिजेच होता तो.
तेव्हा.

हे पोरीला बोललो नाही.
म्हटलं, सातवा भाग लाव, राणी बोलते तिथं.
तिनं लावला.
"लुकलुके सोबत आहेत तोवर..."
राणी हात लांब करून दाखवते
मोकळ्या निळ्याकडं.

ती उठून गॅलरीत गेली. फोन. बराच वेळ इंग्रजी,
मध्येच एकदा मराठीत, "नाही सर, ती घाण नाहीये."
परत आली तेव्हा पंख्याखाली बसून राहिली.
कॉम्प्युटरवर नवे बनवू म्हणतात,
चमकणारे, डोळे असलेले.
खेळणी पण काढता येतील.

मी तिच्यापुढं भाकरी ठेवली, शेंगाची चटणी ठेवली,
आणि ट्रंकेतलं एक गलबत, चादरीत गुंडाळलेलं.
ती खिडकीशी धरून बघत होती.
मग तिचं नख एका ठिपक्यावर गेलं, सहज.

खरवडू नको, म्हटलं.
ती गेली त्या साली मी करून बघितलंय.
निघतो तो,
पण निळा घेऊन निघतो.